सराउंड साउंड : कोणता ‘मोड’ कशासाठी?

होम थिएटरच्या रिसिव्हरवर आणि त्याच्या रिमोटवर ‘मूव्ही’, ‘म्युझिक’, ‘हॉल’, ‘डायरेक्ट’ अशा नावांची बटणे असतात. ती दाबली की ध्वनी बदलतो. कधी भरदार होतो, कधी पोकळ वाटतो, तर कधी पात्रांचे संवाद पार्श्वसंगीतात बुडून जातात. संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच मारामारीच्या प्रसंगात शेजाऱ्यांची झोपमोड व्हावी, हा अनुभव शहरी सदनिकांत नवा नाही. अशा वेळी यंत्राला दोष दिला जातो किंवा अधिक महागडे स्पीकर आणण्याचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात अनेकदा चुकलेली असते ती मोडची निवड. ती करताना पहिला प्रश्न एकच विचारावा : मूळ ध्वनिमुद्रण किती चॅनेलचे आहे?

जसे मुद्रित, तसे

चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटलचे आगमन १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’मधून, तर डीटीएसचे १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’मधून झाले. पुढे डीव्हीडीमुळे हे दोन्ही प्रकार घरात पोहोचले. त्यांतील ‘५.१’ या आकड्याचा अर्थ असा : समोरचे डावे, मधले व उजवे आणि श्रोत्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे असलेले सराउंड असे पाच पूर्ण चॅनेल, तर ‘.१’ म्हणजे स्फोट, गडगडाट यांसारख्या सुमारे १२० हर्ट्‌झपर्यंतच्या खर्जातील ध्वनींसाठी राखलेला स्वतंत्र चॅनेल. कोणता ध्वनी कोठून यावा, हे येथे ध्वनिसंयोजकाने आधीच ठरवलेले असते. रिसिव्हरने केवळ ते उलगडायचे असते.

ब्लू-रे आल्यानंतर डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे मूळ ध्वनीत काहीही न गाळणारे प्रकार उपलब्ध झाले. २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटातून आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने ध्वनीला चॅनेलऐवजी अवकाशातील स्थान दिले. खोलीत जितके स्पीकर असतील, त्यांनुसार रिसिव्हर ते स्थान साधतो. मुद्रणच बहुचॅनेल असेल, तर त्याच नावाचा मोड ठेवावा. संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरमधून येतात. ते अस्पष्ट वाटल्यास फक्त त्याच स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी.

दोनाचे पाच

जुने चित्रपट, दूरचित्रवाणीवरील अनेक कार्यक्रम आणि बहुतांश गाणी दोनच चॅनेलची, म्हणजे स्टिरिओ असतात. त्यांच्यासाठी मोडचे दुसरे कुळ आहे. त्याचे मूळ डॉल्बी स्टिरिओत सापडते. १९७० च्या दशकात या पद्धतीने चार चॅनेल दोनांत गुंफून चित्रपटाच्या फितीवर बसवले. संस्थापक रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी स्थापन करण्यापूर्वी युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात काम केले होते.

ती गुंफण घरात सोडवणारी प्रो लॉजिक पद्धत १९८७ मध्ये आली. तिचे तत्त्व सोपे आहे. दोन्ही चॅनेलमध्ये अगदी सारखा असलेला ध्वनी मधल्या स्पीकरकडे जातो. दोहोंतील कंपने परस्परांच्या नेमकी उलट असतील, तर तो मागे जातो. त्या वेळी मागचा ध्वनी एकच चॅनेलचा आणि ७,००० हर्ट्‌झपर्यंत मर्यादित होता. जिम फॉसगेट यांच्या प्रो लॉजिक टू या पद्धतीने २००० मध्ये ही मर्यादा दूर केली आणि ‘मूव्ही’ व ‘म्युझिक’ असे वेगळे मोड दिले. ‘मूव्ही’ संवादांना मध्यभागी घट्ट धरून ठेवतो. ‘म्युझिक’मध्ये मध्यावरची ही पकड सैल करता येते, त्यामुळे गायकाचा आवाज एका बिंदूत आकसत नाही.

‘संत तुकाराम’सारखा १९३६ चा एकचॅनेली चित्रपट ‘मूव्ही’ मोडवर लावल्यास सारा ध्वनी मधल्याच स्पीकरमधून येतो. बाकीचे स्पीकर बिघडले, असे समजण्याचे कारण नाही. पद्धत आपले काम चोख करीत असते.

सभागृहाचा भास

तिसरे कुळ कृत्रिम अवकाशाचे. यामाहाने १९८६ मध्ये डीएसपी-१ या यंत्राद्वारे प्रत्यक्ष सभागृहांत मोजलेले ध्वनीचे परावर्तन घरात निर्माण करण्याची सोय केली. ‘हॉल’, ‘चर्च’, ‘जॅझ क्लब’ हे मोड याच जातीचे. ते मूळ मुद्रणात नसलेला घुमार त्यात मिसळतात. कोरड्या मुद्रणाला त्याने शोभा येऊ शकते. परंतु शास्त्रीय मैफलीच्या चांगल्या मुद्रणात जागेचा घुमार आधीच असतो. त्यावर दुसरा चढला, की तानपुऱ्याची आस आणि तबल्याचे बोल दोन्ही धूसर होतात. संवादांचेही तेच.

सर्व स्पीकरमधून एकच ध्वनी देणारा ‘मल्टी चॅनेल स्टिरिओ’ हा मोड घरगुती समारंभात, माणसे इकडेतिकडे वावरत असताना सोयीचा. बसून ऐकताना मात्र त्यात दिशेचे भान हरपते.

‘डायरेक्ट’ आणि ‘नाइट’

‘डायरेक्ट’ मोड प्रक्रिया टाळून ध्वनी जवळपास आहे तसा पुढे पाठवतो. संगीतासाठी तो उत्तम. मात्र काही रिसिव्हरमध्ये त्यामुळे सबवूफरही गप्प होतो. समोरचे स्पीकर लहान असतील, तर खर्ज हरवतो. अशा वेळी साधा ‘स्टिरिओ’ मोड बरा.

‘नाइट’ मोड सर्वांत दुर्लक्षित आणि सदनिकांसाठी सर्वांत उपयुक्त म्हणावा लागेल. मोठे आवाज खाली आणून आणि हलके आवाज वर उचलून तो दोहोंतील अंतर कमी करतो. पडद्यावरचा थरार थोडा उणावतो. पण कुजबुज ऐकू येते आणि शेजारी झोपू शकतात.

निवडण्यापूर्वी

रिसिव्हरला नेमके काय मिळते आहे, हे त्याच्या पट्टीवर दिसते. चकती ५.१ ची असूनही तेथे दोनच चॅनेलचे पीसीएम दिसत असेल, तर बाकीचे चॅनेल वाटेतच गळाले आहेत. प्लेअर किंवा दूरचित्रवाणी संचातील ध्वनीची मांडणी ‘बिटस्ट्रीम’वर न्यावी. साधारणपणे समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर ठेवावेत. प्रत्येकाचे श्रोत्यापासूनचे अंतर रिसिव्हरमध्ये नोंदवावे. ही नोंद चुकीची असेल, तर कोणत्याही मोडचा पूर्ण लाभ मिळत नाही. नवे स्पीकर घेण्याआधी एवढी तपासणी करायला अर्धा तास पुरतो आणि पैसा लागत नाही.