उघाडीचे दार

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या श्रोत्यांपुढे खारजमिनीवर बोलायचे, म्हणजे विषय जरा लांबचा वाटेल. पण तो तितका लांब नाही. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी कल्याणला उल्हासला मिळते, आणि तिथून पुढे नदीची खाडी होते. त्या खाडीच्या काठाने आणि दक्षिणेला पेण-अलिबागच्या खारेपाटात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडून जमीन मिळवली आणि तिच्यात भात पिकवला. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. चिखलात उभे राहून बांध घातलेले नाहीत. तरी या शेतीतला एक प्रश्न आम्हाला तत्त्वज्ञानाचा वाटतो: पाणी घालवायचे की राखायचे?

इंडोनेशियाने 1990 च्या दशकात कालिमंतानमध्ये सुमारे दहा लाख हेक्टर पीट-दलदलीवर भात पिकवायचे ठरवले. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती. कालवे खणून पाणी काढले, तशी ती वाळली, खचली आणि 1997 मध्ये पेटली. भात काही पिकला नाही, योजना गुंडाळावी लागली. अशा जमिनीत पाण्याची पातळी वर राखावी लागते. पाणी गेले की मातीच जाते.

आपली खार पीट नव्हे, ती खाडीच्या गाळाची. पण हिशेब त्याच जातीचा. उन्हाळ्यात माती सुकली की खालचे मीठ वर चढते. पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडून ते धुवावे लागते. म्हणजे गोडे पाणी आत हवे, खारे बाहेर हवे, आणि जादा झालेले गोडे पाणी वेळेवर सोडताही आले पाहिजे. ही तिन्ही कामे एका साध्या लाकडी दारावर सोपवलेली असतात: उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दार उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने मिटते. ना इंजिन, ना वीज! दारात काडीकचरा अडकला, की मात्र एका उधाणात शेत खारावते.

आता दाराची आणि बांधाची काळजी कोणी घ्यायची? इतिहास खरा इथे आहे. शिलोत्री पद्धतीत जमीन उठवणारा शिलोत्रीदार बाहेरचा बांध राखी, आणि त्याबद्दल कुळांकडून सरकारी साऱ्याव्यतिरिक्त धान्य घेई. धान्य घेणे चालू राहिले. बांध राखणे प्रत्येक ठिकाणी तितकेच नेमाने चालू राहिले, असे कोणी समजू नये. याच खारेपाटात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 चरीचा संप झाला. भांडण मुख्यतः पिकाच्या वाट्याचे होते, पण आमच्या मते बांधावर घाम कोणाचा आणि धान्य कोणाच्या घरी, हाही त्यातला न बोललेला मुद्दा होता.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, 1955 मध्ये कुलाबा जिल्ह्यातले शिलोत्री हक्क गेले, 1979 मध्ये खारभूमी विकासाचा नवा कायदा आला. जुलूम गेला, हे चांगलेच झाले. पण आधी बांध फुटला की गावाने फावडी उचलायची. आता अर्ज करायचा, अंदाजपत्रक व्हायचे, निविदा निघायची. उधाण मात्र तिथीप्रमाणे येते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, त्यांचा उपयोगही आहे. पण फुटलेल्या बांधाला बियाणे काय करणार?

बांध तसाच राहिला, की खारे पाणी रोज येते-जाते आणि काही वर्षांत तिथे तिवरे उगवतात. तिवरे किनारा सांभाळतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यांच्या तोडीवर कडक बंदी घातली, तीही आम्हाला योग्यच वाटते. अडचण शेतकऱ्याची आहे. पुन्हा भात लावायचा तर तिवरे काढावी लागतात, आणि ती काढता येत नाहीत. सातबाऱ्यावर मात्र अजून शेतच लिहिलेले असते.