माँटगमेरी बस-बहिष्कार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अॅलाबामा राज्याची राजधानी माँटगमेरी येथे, शहर-बसमधील वर्णभेदमूलक आसनव्यवस्थेविरुद्ध तेथील कृष्णवर्णीय नागरिकांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चालविलेला निःशस्त्र सामुदायिक बहिष्कार.

आसनव्यवस्था व कायदा : गाडीच्या छत्तीस आसनांपैकी पुढची दहा गौरवर्णीयांसाठी राखीव असत व ती रिकामी धावली तरी मागे ताटकळत उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय उतारूस तेथे बसण्याची मुभा नसे, मागची दहा कृष्णवर्णीयांकडे असत आणि मधल्या सोळांची वाटणी सर्वस्वी चालकाच्या मर्जीवर अवलंबून असून, नगरसंहितेने त्याला या कामापुरते पोलिसाचे अधिकार बहाल केले होते. पुढच्या दाराने चढून भाडे भरावयाचे, पुन्हा खाली उतरावयाचे आणि मागच्या दाराने आत शिरावयाचे, असा रिवाज होता, व तेवढ्या अवधीत गाडी निघून गेल्याच्या तक्रारी होत. वस्तुतः दुसरे आसन मोकळे असेल तरच उतारूस उठविता येईल, अशी अट त्याच संहितेत होती. १९०० साली याच शहरात ट्रॅमवर टाकलेल्या बहिष्काराचे ते फलित मानले जाते. व्यवहारात ती अट पाळली जात नसे.

प्रारंभ : शाळांतील वर्णविभाजन अवैध ठरविणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालानंतर चारच दिवसांनी, २१ मे १९५४ रोजी, ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ या संस्थेच्या अध्यक्षा जो अॅन रॉबिन्सन यांनी महापौर डब्ल्यू. ए. गेल यांस पत्र लिहून बहिष्काराची शक्यता सूचित केली होती. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीस आसन न सोडल्याबद्दल अटक झाली. तिच्या प्रकरणावरून आंदोलन का उभारले गेले नाही, याविषयी मतभेद आहेत. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी तसाच नकार दिला. त्या एका मोठ्या दुकानात शिवणकाम करीत व कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. केवळ दमल्यामुळे त्या उठल्या नाहीत, ही रूढ समजूत त्यांनी पुढे स्वतःच नाकारली आहे. त्याच रात्री रॉबिन्सन यांनी बहिष्काराचे आवाहन करणारी हजारो पत्रके छापून काढली. ५ डिसेंबरला पार्क्स यांना १० डॉलर दंड व ४ डॉलर खर्च अशी शिक्षा झाली, परंतु नगरसंहितेतील उपर्युक्त अट अडचणीची ठरेल हे ओळखून सरकारी वकिलाने आरोप आधीच राज्याच्या कायद्याखाली फिरवून घेतला होता. त्याच दिवशी ‘माँटगमेरी इंप्रूव्हमेंट असोसिएशन’ ही संस्था स्थापन होऊन डेक्स्टर अव्हेन्यू चर्चचे सव्वीस वर्षांचे धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) तिचे अध्यक्ष झाले.

मागण्या : सौजन्याची वागणूक, प्रथम येणाऱ्यास प्रथम आसन, मात्र कृष्णवर्णीयांनी मागून व गौरवर्णीयांनी पुढून बसत यावे, आणि कृष्णवर्णीयांची वर्दळ असलेल्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. वर्णविभाजन समूळ रद्द करावे अशी मागणी आरंभी नव्हतीच, ही गोष्ट उत्तरकालीन गौरवपर लेखनात बहुधा झाकली जाते. इतका माफक तडजोडीचा प्रस्तावही नगरप्रशासनाने धुडकावला, म्हणूनच प्रकरण संविधानाच्या प्रश्नापर्यंत गेले.

वाहनव्यवस्था : बसऐवजी खाजगी मोटारींच्या सामायिक फेऱ्या योजण्यात आल्या; त्या कामी बॅटन रूज येथील १९५३ च्या बहिष्काराचा अनुभव उपयोगी पडला.

खटले : ३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला आणि १ फेब्रुवारीस वकील फ्रेड ग्रे यांनी ब्राउडर विरुद्ध गेल ही फिर्याद संघीय न्यायालयात गुदरली. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डॉनल्ड, कॉल्व्हिन व मेरी लुईझ स्मिथ या फिर्यादी होत्या. पार्क्स यांचे प्रकरण राज्याच्या फौजदारी न्यायालयात प्रलंबित असल्याने त्यांचे नाव हेतुतः वगळण्यात आले. प्रतिपक्षानेही कायद्याचाच आश्रय घेतला : बहिष्कारास प्रतिबंध करणाऱ्या १९२१ च्या विस्मृतप्राय अधिनियमाखाली फेब्रुवारीत नेत्यांवर सरसकट आरोप ठेवण्यात आले आणि मार्चमध्ये किंग यांना ५०० डॉलर दंड व तितकाच खर्च ठोठावण्यात आला. एप्रिलमध्ये तोट्याने जेरीस आलेल्या बस कंपनीने विभाजन बंद करण्याची तयारी दाखविली, तेव्हा नगरप्रशासनाने तिच्याविरुद्धच राज्य न्यायालयाचा हुकूम मिळवून तिला ते चालू ठेवण्यास भाग पाडले. या संपूर्ण प्रकरणात इतका उद्बोधक प्रसंग दुसरा नाही. ५ जूनला न्या. रीव्हज व न्या. जॉन्सन यांनी, न्या. लिन यांच्या भिन्न मतासह, बसमधील सक्तीचे विभाजन संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीविरुद्ध ठरविले. १३ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. त्याच दिवशी राज्य न्यायालयाने मोटारींच्या सामायिक व्यवस्थेवर मनाई हुकूम काढला, त्यामुळे शेवटचा महिनाभर अनेकांना पायी जावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमाची बजावणी २० डिसेंबरला झाली व दुसऱ्या दिवसापासून कृष्णवर्णीय उतारू पुन्हा बसने जाऊ लागले. बहिष्काराने विजय मिळविला की फिर्यादीने, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि फिर्यादीविना नगरप्रशासन नमले असते असे मानण्यास आधार दिसत नाही.

गांधीविचार : ‘माँटगमेरी ॲडव्हर्टायझर’ या दैनिकात ज्युलिएट मॉर्गन या गौरवर्णीय ग्रंथपाल महिलेने या बहिष्काराची तुलना गांधीजींच्या लढ्याशी डिसेंबर १९५५ मध्येच केली होती. किंग यांच्या घरी मात्र आरंभी शस्त्रे बाळगली जात; बायर्ड रस्टिन व ग्लेन स्मायली यांच्या सहवासात अहिंसा ही तत्त्वनिष्ठा म्हणून त्यांच्या ठायी दृढ होत गेली. किंग १९५९ मध्ये भारतात आले व मुंबईस मणिभवनात राहिले.

उत्तरकाळ : जानेवारी १९५७ मध्ये चार चर्चवर व दोन धर्मोपदेशकांच्या घरांवर बाँब टाकण्यात आले. पार्क्स यांची शिक्षा राज्याच्या अपील न्यायालयाने त्याच वर्षी कायम केली. किंग यांचे अपील कागदपत्रे मुदतीत दाखल न झाल्याने काढून टाकण्यात आले आणि त्यांनी दंड भरला.