शर्करेतला खडा

कळंबच्या बाजारात कुणाला तब्येत विचारली, तर ‘शुगर हाय थोडी’ एवढ्यावर विषय आटोपतो. दवाखान्याच्या कागदावर तीच ‘रक्तशर्करा’ होते. हा भारदस्त शब्द योजणाऱ्याने रक्तात खडी ओतली, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे. पाणिनी वाळूची ‘सिकता’ आणि ‘शर्करा’ एकाच सूत्रात घेतो. खड्यांच्या मुलखाला ‘शर्करिल’ म्हणायची सोयही करून ठेवतो. उसाचा रस आटवून दाणे पाडता येऊ लागले, तेव्हा त्यांना या खड्यांचेच नाव चिकटले असावे. प्राकृतातली ‘सक्खरा’ ती आपली साखर. फारसीत शकर, अरबीत सुक्कर. ग्रीकांचा ‘साक्खारोन’ही अशाच एखाद्या प्राकृत रूपावरून गेलेला दिसतो. पहिल्या शतकातला डायोस्कोरिडीस सांगतो, की हा पदार्थ मिठासारखा दाताखाली फुटतो. म्हणजे कुरकुर तोवर शाबूत होती! पुढे १८७९ मध्ये फालबर्गला सापडलेल्या सॅकरिनमध्ये साखरेचा कणही नाही. वारसा नुसता नावाचा.

गंमत सुश्रुताकडे आहे. त्याच्या रोग्याला ‘शर्करा’ झाली म्हणून गोड बंद करायला धावू नये. अश्मरी, म्हणजे आपला मुतखडा, फुटून जी कणी लघवीवाटे पडते ती त्याची शर्करा. पाणिनीची सिकताही ‘सिकतामेह’ होऊन तिथे हजर आहेच. गोड लघवीसाठी नावे निराळी: उसावरून इक्षुमेह, मधावरून क्षौद्रमेह, चरक मधुमेह म्हणतो. यातला ‘मेह’ मिह् धातूचा, ओतणे-शिंपणे या अर्थाचा. परंपरा ‘मेघ’ही त्याच धातूतून काढते. आमच्या अवर्षणी तालुक्यात हे नाते जरा झोंबते.

कळंब १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथल्या हकिमांच्या तोंडी उर्दूतला ‘ज़ियाबेतुस’ असावा, म्हणजे ग्रीक ‘डायाबिटीस’चाच अरबी अवतार. ग्रीकात त्याचा अर्थ आरपार वाहून जाणारा. गोडीचा मागमूस नाही. ती मागाहून ‘मेलिटस’ने आणली, लॅटिन ‘मेल’ म्हणजे मध. चरकाचा मध असा दुसऱ्या वाटेने येऊन भेटतो.

साखरेसाठीच्या ‘खंड’ या शब्दाचा प्रवासही असाच. फारसी-अरबीत तो ‘कंद’ झाला, तिथून युरोपात कँडी. आणि आपल्याकडे परतला तो गुलकंदात. त्यात कंदमुळे शोधणाऱ्याने गुलाबपाकळ्या आणि साखरेवरच समाधान मानावे. खडीसाखर मात्र वेगळीच हिकमत: साखरेतला खडा आपण विसरलो, म्हणून वरून पुन्हा खडी घातली.

गावाचे नावही प्राकृताचेच देणे दिसते. वररुचीच्या एकाच सूत्राने कदंबाचा कलंब आणि दोहदाचा दोहल होतो. एकातून कळंब आले असावे, दुसऱ्यातून डोहाळे. कदंबफुलांच्या मद्याला कादंबरी म्हणत, पण त्या वाटेने गेलो तर साखरेकडे परतणे अवघड.

आज याच तालुक्यात रांजणीला साखर कारखाना उभा आहे. तिथे साखरेचा ‘उतारा’ वाढला की आनंद, दवाखान्यात साखर वाढली की पथ्य. आणि येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. पाणिनीला ‘शर्करिल’चे उदाहरण हवे असते, तर ते रान चालले असते.