कवटीवर रेललेलं मूल

जरा बाजूला व्हा, नाहीतर त्या पाटीतलं मासळीचं पाणी तुमच्या खांद्यावर ओघळेल. साल १४५८, शहर व्हेनिस. ओहोटी लागलीय आणि कालव्याच्या तळाचा खारट, कुजका वास नाकात शिरतोय. रिआल्तोच्या लाकडी पुलावर माणसाला माणूस घासतंय. पाय जपून टाका. हाच पूल चौदा वर्षांपूर्वी होड्यांची मिरवणूक बघायला जमलेल्या गर्दीच्या भाराने कोसळला होता. तरी आजही कोणी हळू चालत नाही.

आता या ओताऱ्याच्या कारखान्यात शिरा. उंबऱ्यातच धग तोंडावर येते, भुवया चुरचुरतात. पोऱ्या भाता मारतोय, मुशीत तांबं आणि कथील एकजीव झालंय, आणि भट्टीच्या घरघरीत बोलायचं तर कानाशीच यावं लागतं. मेणात घडवलेल्या नमुन्यावरून साचा काढून तो खडखडीत वाळवलाय. आत ओल राहिली तर रस उसळून अंगावर येतो, म्हणून ओतताना सगळे दोन पावलं मागे सरतात. तुम्हीही सरका!

निवल्यावर साचा उघडतो. घ्या हातात. पदक अजून कोमट आहे, काठ बोटाला बोचतो, आणि वजन चांगलंच जाणवतं. दर्शनी बाजूला जोव्हान्नी बोल्दू आहे, हे पदक घडवणारा चित्रकार स्वतःच. खांदे उघडे, डोक्यावर आयव्हीच्या पानांची माळ, थाट जुन्या रोमनांचा. मान ताठ.

उलटा ते.

एक नग्न तरुण दोन्ही तळव्यांत तोंड खुपसून बसलाय. समोर पंख असलेलं गुटगुटीत मूल कवटीवर रेललंय, हातात ज्वाळा. ते मूल म्हणजे मृत्यू. मला कवटीपेक्षा त्या मुलाची भीती वाटते, कारण त्याला कसली म्हणजे कसलीच घाई नाही. कवटीवरून अंगठा फिरवून बघा: खोबणी, गुळगुळीत कपाळ. चर्चच्या भिंतीवरची कवटी मान वर करून बघायची असते. ही हातात येते, मित्रांत फिरते, जेवणाच्या मेजावर मद्याच्या पेल्याशेजारी पडून राहते. आणि ती काही कोण्या परक्याची आठवण नव्हे. हसून दाखवायला आणलेल्या आपल्याच चेहऱ्याच्या पाठीला ती चिकटलेली आहे. वयाची ऐट आणि तिचा शेवट यांच्यात अंतर किती, तर धातूच्या जाडीएवढं. एवढं धीट आत्मचित्र मला दुसरं माहीत नाही.

बोल्दूने याच वर्षी आपलं आणखी एक पदक केलंय. त्याच्या पाठीवर एक म्हातारी त्याला चाबकाने फटकावतेय. आणि हा तरुण, हे मूल, ही कवटी आठ वर्षांनी रोमन सम्राट कॅराकॅलाच्या पदकामागे पुन्हा दिसतील. तिथे ‘मीच अंत’ अशी अक्षरंही असतील.

द्या आता ते परत. ओतारी कानस घेऊन ताटकळलाय, काठ घासायचा राहिलाय.