श्वानपथक (पोलीस)

गुन्ह्याच्या जागेवरून संशयिताचा माग काढणे, दडवलेली स्फोटके किंवा अमली पदार्थ हुडकणे आणि बंदोबस्ताच्या ठिकाणांची तपासणी करणे या कामांसाठी पोलीस दलाने तयार केलेले कुत्रे व त्यांचे हस्तक यांचे पथक. महाराष्ट्रात अशी पथके जिल्हा पोलीस दलांकडे व शहरांच्या पोलीस आयुक्तालयांकडे असतात. सामान्य रहिवाशाची त्यांच्याशी गाठ पडते ती बहुधा घरफोडीनंतर. म्हणून या नोंदीत घराची सुरक्षितता आणि पोलिसांकडून मिळू शकणारी मदत यांचाही विचार केला आहे.

घरफोडीच्या बातमीतले एक वाक्य मराठी वाचकाला पाठ असते : श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, श्वान मुख्य रस्त्यापर्यंत माग काढत गेले आणि तेथेच घुटमळले. वाचणाऱ्याला वाटते, कुत्रा फसला. तपास करणाऱ्याला मात्र त्या घुटमळण्यातून बरेच कळते. वास जिथे तुटला, तिथे चोर वाहनात बसला असण्याची शक्यता मोठी. मग कोणत्या चौकातले, कोणत्या दुकानाबाहेरचे कॅमेरे तपासायचे हे ठरते. चोर पुढच्या दाराने गेला की मागच्या बोळातून, वाटेत कुठे थांबला, हेही समजते. दागिन्यांचे रिकामे डबे, हातमोजे, कडी उचकटायला वापरलेली पहार अशा वस्तू याच वाटेवर टाकलेल्या सापडतात. गुन्हेगाराच्या थेट दारात जाऊन भुंकणारा कुत्रा सिनेमात जितका दिसतो, तितका प्रत्यक्षात दिसत नाही.

वासाचा माग. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार वीस-तीस कोटींपर्यंत असतात. माणसाच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. घाम आणि जिवाणू यांच्यामुळे त्यांना प्रत्येक व्यक्तीचा वेगळा गंध येतो. हे कण जमिनीवर, गवतावर, उंबऱ्यावर बसतात. शिवाय पाऊल पडले की गवत चुरडते, माती उकरली जाते, तिचाही वास उठतो. माग काढणारा कुत्रा हे दोन्ही वास मिळून वाचतो. थंड, दमट पहाट आणि मातीची वाट त्याला सोयीची. तापलेले डांबर, जोराचा वारा, धो धो पाऊस आणि गर्दीचा रस्ता गैरसोयीचा. वेळ जितका जाईल तितका वास विरत जातो. चोर मिरचीपूड टाकून गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण घरच्यांनी मारलेले फिनेल आणि सांत्वनाला आलेल्या पन्नास शेजाऱ्यांची पावले यांनी तपासाचे जितके नुकसान होते, तितके त्या पुडीने क्वचितच होत असेल.

इतिहास. लंडनमध्ये १८८८ साली ‘जॅक द रिपर’च्या खुनांच्या वेळी पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी बर्नाबी व बर्गो या दोन ब्लडहाउंडांची चाचणी घेतली होती; त्यातून हाती काही लागले नाही. पद्धतशीर पोलीस श्वानसेवा १८९९ मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात सुरू झाली आणि तिथून जर्मनी व इतर युरोपात पसरली. भारतात मद्रास पोलिसांनी १९५१ मध्ये श्वानपथक उभारले. मुंबई पोलिसांचे पथक १९५९ मध्ये डॉबरमन जातीच्या कुत्र्यांनिशी सुरू झाले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात शिवाजीनगरला आहे. केंद्रीय पातळीवर सीमा सुरक्षा दलाचे ग्वाल्हेरजवळचे टेकनपूर येथील केंद्र या विद्येचे मोठे ठाणे मानले जाते.

जाती व शिक्षण. माग काढण्यासाठी डॉबरमन आणि जर्मन शेफर्ड (लोकांच्या तोंडी अल्सेशियन), स्फोटके व अमली पदार्थ शोधण्यासाठी लॅब्राडोर ही जुनी वाटणी आहे. अलीकडे चपळ बेल्जियन मॅलिनॉइसलाही मागणी आहे. देशी जातींकडे लक्ष उशिराने गेले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर ज्याला कारवान म्हणतात, तो मुधोळ हाउंड घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानामुळे प्रसिद्धीस आला. लष्कराने मेरठच्या केंद्रात त्याला शिकवून पाहिले आहे. तो वेगवान आहे, पण मुळात नजरेने शिकार करणारा. नाकाच्या कामात त्याची लॅब्राडोरशी तुलना करणे योग्य ठरत नाही.

एकच कुत्रा सगळी कामे करतो हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. माग काढणाऱ्याला स्फोटके कळत नाहीत आणि स्फोटके शोधणाऱ्याला चोराच्या चपलेशी देणेघेणे नसते. शिक्षण काही महिने चालते. आधी बसणे, थांबणे, हस्तकाच्या बाजूने चालणे, मग विशिष्ट वास आणि त्या वासाला जोडलेले बक्षीस. हे बक्षीस बहुतेकदा साधा चेंडू असतो. कुत्र्याच्या लेखी तो खेळच असतो. स्फोटके सापडल्यावर भुंकायचे वा उकरायचे नाही, गुपचूप बसायचे, हे कसोशीने शिकवतात. कारण उघड आहे. हस्तक आणि कुत्रा ही जोडी शक्यतो मोडत नाहीत, कारण कुत्र्याचे कान, शेपटी आणि श्वास यांतला बदल ओळखणारा हस्तकच असतो.

मार्च १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर ‘झंजीर’ नावाच्या लॅब्राडोरने मुंबई, ठाणे व मुंब्रा परिसरातून तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबाँब शोधून दिले. तो २००० च्या नोव्हेंबरात हाडांच्या कर्करोगाने गेला. पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर यांनी ताज हॉटेल, छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि इतर ठिकाणी काम केले. निवृत्तीनंतरचे त्यांचे दिवस विरारजवळच्या एका शेतावर गेले आणि २०१६ या एकाच वर्षात हे सारे गेले. बाँबशोधक कुत्र्यांची नावे अशी घरोघरी पोहोचतात. वर्षानुवर्षे घरफोड्यांचे माग काढणाऱ्या जिल्ह्याच्या कुत्र्याच्या वाट्याला फार तर स्थानिक दैनिकातली चार ओळींची बातमी येते. बीड पोलिसांचा ‘रॉकी’ त्याला अपवाद; ऑगस्ट २०२० मध्ये तो वारला, तेव्हा त्याची दखल पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये घेतली.

न्यायालयातील स्थान. कुत्र्याने दाखवले म्हणून कुणी दोषी ठरत नाही. ‘अब्दुल रजाक दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या रेल्वे घातपाताच्या खटल्यात (१९६९) सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावरचे आक्षेप नोंदवले. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो आणि त्याची उलटतपासणी कुत्र्याच्या मनापर्यंत पोहोचत नाही. माणसाचे स्वातंत्र्य कुत्र्याने काढलेल्या अनुमानावर टांगणे धोक्याचे. २००१ च्या ‘गडे लक्ष्मी मंगराजू’ प्रकरणातही न्यायालयाने हीच दिशा धरली : तपासाला वाट दाखवण्यासाठी कुत्रा जरूर वापरावा, मात्र न्यायालयासमोर त्याच्या भरवशावर उभे राहू नये. ही भूमिका रहिवाशांच्याही उपयोगाची आहे. कुत्रा एखाद्याच्या दारापाशी थांबला, म्हणून गावाने त्या घराकडे चोर म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. तो माणूस सकाळी फिर्यादीला धीर द्यायला आलेला असू शकतो.

घरफोडी झाल्यावर. दार उघडे, कडीकोयंडा तुटलेला दिसला तर आत धावू नये. चोर आतच असू शकतो. बाहेर येऊन ११२ ला फोन करावा. पूर्वी तोंडात बसलेला १०० क्रमांक आता याच यंत्रणेशी जोडला आहे. महाराष्ट्रात ती २०२१ पासून चालते आणि फोन करणाऱ्याचे ठिकाण पाहून जवळचे वाहन पाठवले जाते. पोलीस येईपर्यंत कपाट, तिजोरी, दाराची मूठ यांना हात लावू नये, सांडलेले आवरू नये, लादी पुसू नये. ‘काय काय गेले ते बघून घेऊ’ ही घाई स्वाभाविक असली, तरी तीच सर्वांत महाग पडते. पाळीव कुत्रा असेल तर बांधावा. चोराने हाताळलेली किंवा मागे टाकलेली वस्तू उचलू नये, फक्त दाखवावी. माग काढणाऱ्या कुत्र्याला बहुधा तिचाच वास दिला जातो. ठसेतज्ज्ञ, श्वानपथक व न्यायसहायक पथक बोलावण्याचा निर्णय तपासी अंमलदाराचा असतो. रहिवासी विनंती करू शकतो, परस्पर कुत्रा मागवू शकत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरी कलम ३०५ खाली येते व तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीच्या उद्देशाने रात्री केलेल्या घरफोडीची शिक्षा कलम ३३१ नुसार चौदा वर्षांपर्यंत जाते. दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना फिर्याद नोंदवावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाची, हा वाद न घालता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ती ऑनलाइनही देता येते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ठाणे अंमलदाराने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणेही पोलिसांवर बंधनकारक आहे. फिर्यादींनी हे विचारत राहावे, पुष्कळजण विचारतच नाहीत.

आधीची काळजी. मे महिन्यात किंवा दिवाळीत गावी जाताना जवळच्या ठाण्यात आणि शेजारी कळवून जाणे हा जुना उपाय आजही चांगला आहे. गस्तीवरच्या बीट मार्शलला त्या गल्लीतून फेरी मारता येते. बाहेरून दिसणारे मोठे कुलूप ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच ठरते, त्याऐवजी आतल्या कुलपाचे दार बरे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी. अनेक आयुक्तालयांच्या हद्दीत तसे आदेश असतात व ती राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते. खेड्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील तरतुदीनुसार ग्रामसुरक्षा दल उभारता येते. पोलीस पाटील आणि हे दल मिळून रात्रीची गस्त घालतात.

पोलिसांच्या नावानेच चालणारी फसवणूक वेगळी नोंदवली पाहिजे. ‘आजी, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगणारा साध्या वेशातला ‘साहेब’ महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात वावरून गेला आहे. फोनवरची ‘डिजिटल अटक’ हे त्याचेच नवे रूप. कायद्यात अशी अटक नाही. पैसे गेले असतील तर १९३० वर तात्काळ कळवावे.

पोलिसांच्या हातात काय नाही, तेही माहीत असावे. बांधाचा वाद, वाटणी, सोसायटीची थकबाकी, घरमालकाचे भाडे हे दिवाणी किंवा सहकार खात्याचे विषय. त्यांत पोलीस मध्ये पडतात ते मारहाण, धमकी किंवा शांतताभंगाची भीती असेल तेव्हा. किरकोळ शिवीगाळीची नोंद अदखलपात्र म्हणून होते, जिला ठाण्यात ‘एनसी’ म्हणतात. तिचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही.