साडेचार रुपयांचा फरक



गेल्या महिन्यात आमच्या घरी एक प्रश्न निघाला. नातू नववीत आहे. गेली चार वर्षं तो आठवड्यातून पाच संध्याकाळी मल्लखांबाला जातो. मुलगी म्हणाली, "बाबा, आता पुढच्या वर्षी बोर्ड. एक वर्ष मल्लखांब बंद करू या. दहावी झाली की पुन्हा सुरू." जावईबापूंचीही मान हलली. मी मात्र गप्प बसलो. का गप्प बसलो ते शेवटी सांगतो, कारण त्याआधी थोडं आपल्या गावाबद्दल बोलायचं आहे. हल्ली ज्याला शाळेबाहेरचे उपक्रम, 'ॲक्टिव्हिटी' वगैरे म्हणतात, त्यांचा विचार आपल्या बडोद्याने फार पूर्वी केला होता, आणि तो का केला होता हे आपण बडोदेकरच विसरत चाललो आहोत.

श्रीमंत सयाजीराव महाराजांचा जन्म १८६३ चा, नाशिककडच्या कवळाणे गावचा. महाराणी जमनाबाईसाहेबांनी त्यांना २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि शिक्षण म्हणावं असं काही झालेलं नव्हतं. मग राजवाड्यात त्यांच्यासाठी वेगळी शाळा उघडली. इलियट नावाचे इंग्रज गृहस्थ शिक्षक म्हणून आले. गणित, इतिहास, भाषा यांच्या जोडीला घोड्यावर बसणं, तालीम, कुस्ती हेही रोजच्या वेळापत्रकात होतं. बाराव्या वर्षी पाटी हातात घेतलेला हा मुलगा सहा वर्षांत राज्यकारभार हाती घेण्याइतका तयार झाला. शिकणं म्हणजे काय, हे या राजाला स्वतःच्या अंगावरून कळलं होतं.

म्हणूनच १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सगळ्या संस्थानाला लावला. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. सरकारने ते विधेयक फेटाळलं, बडोद्यात मात्र शाळा चालू होत्या.

इथपर्यंत आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. सक्ती करून मूल शाळेत आणता येतं. न पाठवणाऱ्या आईबापांना बडोद्यात दंडही होत असे. पण चार-पाच वर्षं शिकून ते पोर शेतात परत गेलं की घरात वाचायला कागदाचा कपटा नाही. शिकलेली अक्षरं दोन-चार वर्षांत पुसली जायची. म्हणजे दंड करून, पैसे खर्चून जे कमावलं ते गळून जायचं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेव आली, पण टिकली नाही.

यावर महाराजांनी काय केलं? १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि गावोगाव ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवायच्या, त्या फिरून परत यायच्या आणि दुसऱ्या गावी जायच्या. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरशांवरून आपण चाललो आहोत ना? लहानपणी खालच्या मजल्यावरचं डोकं दिसतं म्हणून आम्ही मुद्दाम वर जाऊन उभे राहायचो. ते ग्रंथालय शाळेची शोभा म्हणून आलेलं नव्हतं. शाळेत शिकलेलं टिकावं म्हणून आलेलं होतं.

हाच विचार बाकीच्या गोष्टींतही दिसतो. १८८६ साली मौलाबक्ष खाँसाहेबांच्या हाताखाली गायनशाळा निघाली. त्यांनी गाणं लिहून ठेवण्याची पद्धत बसवली, शिकवण्यासाठी पुस्तकं केली. तोवर घराण्याच्या दाराआड असलेलं गाणं वर्गात बसून शिकता येऊ लागलं. १८९० साली कलाभवन निघालं, प्रा. गज्जर त्याचे पहिले प्रमुख. हाताला काम शिकवणारी ती संस्था. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याच्या कितीतरी आधी इथे शिकून गेले. आणि दांडिया बाजारातलं जुम्मादादांचं व्यायाममंदिर तर १८८० पासूनचं. त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी आखाड्यातला एकेकट्याचा व्यायाम शेकडो मुलांनी एका तालात करायचा सांघिक व्यायाम केला, त्यासाठी आपल्या भाषेतल्या आज्ञा बसवल्या. मराठीतला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोशही बडोद्याचाच, आबासाहेब मुजुमदारांनी संपादलेला.

डोकं, हात, गळा, अंग. चारही गोष्टींची सोय एका शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर. आम्ही ज्या मराठी शाळेत गेलो ती या वातावरणात वाढलेली शाळा होती.

माझी शाळा १९५६ ते १९६७. मधल्या काळात गुजरात राज्य झालं, आपण मराठी माणसं तिथेच राहिलो. शाळा साधी होती. पत्र्याची शेड, समोर मैदान, मैदानाच्या कडेला पुरलेला मल्लखांब. मी मल्लखांबात अगदी ढ. दसरंग सोडा, वर चढताच यायचं नाही, एरंडेल लावलेल्या लाकडावरून घसरून खाली. गाण्यात तर सरांनी स्वतःच सांगितलं, "तू टाळ्या वाजव." स्नेहसंमेलनातल्या नाटकात माझं काम पडदा ओढायचं. तरी पण मला कुणी 'तू येऊ नकोस' म्हटलं नाही. हे आज फार मोठं वाटतं. त्या गोष्टी बक्षीस मिळवणाऱ्यांसाठी नव्हत्या, सगळ्यांसाठी होत्या.

माझ्या वाट्याला आलं ते भांडार. शाळेत मुलांनी चालवलेलं वह्या-पेन्सिलींचं छोटं भांडार होतं. मधल्या सुट्टीत अर्धा तास उघडायचं. नववीत असताना सरांनी मला त्याचा खजिनदार केलं. एक पत्र्याची पेटी, एक रोजकीर्द, बिलं अडकवायची एक तार. महिनाअखेरी शिल्लक जुळवायची.

दुसऱ्याच महिन्यात साडेचार रुपये कमी भरले. १९६४ सालचे साडेचार रुपये! वडिलांचा पगार दीडशेच्या आसपास, घरात आम्ही सात माणसं. पेटीची किल्ली माझ्याकडे. दोन रात्री झोप नाही. आईच्या डब्यातून पैसे काढून गुपचूप भरून टाकावेत असंही मनात आलं. शेवटी रडत सरांकडे गेलो.

सरांनी "पैसे कुठे गेले?" असं विचारलंच नाही. म्हणाले, "साडेचारशे पैशांना नऊने भाग."

पन्नास. पूर्ण भाग गेला.

"मग कुठेतरी दोन आकडे उलटे लिहिलेस. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. तारेवरची बिलं काढ."

तासाभराने सापडलं. मांडवीतल्या कागदवाल्या शेठजींना पेन्सिलींचे सात रुपये वीस पैसे दिले होते, आणि मी कीर्दीत खर्च लिहिला होता दोन रुपये सत्तर पैसे. बिल समोर ठेवून सरांनी मलाच लाल शाईने दुरुस्ती करायला लावली आणि खाली सही करायला लावली. "खाडाखोड करायची नाही. चूक दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही दिसली पाहिजे," एवढंच बोलले.

मी पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो, १९७२ साली बँकेत लागलो. तेव्हा संगणक नव्हते. सेव्हिंग्जच्या जाडजूड खतावण्या हाताने जुळवाव्या लागत. पहिल्याच वर्षी आमच्या शाखेत सत्तावीस रुपयांचा फरक दोन दिवस सापडत नव्हता, सगळे वैतागले होते. मी नवीन कारकून, भीत भीत म्हटलं, "सत्तावीसला नऊने भाग जातो, कुठेतरी छत्तीसचे त्रेसष्ट झाले असतील." झालेही होते. माझी तिथे जी पत बसली ती पदवीने नाही, भांडाराच्या पत्र्याच्या पेटीने बसवली. अकरावीत बीजगणितात मला किती गुण होते ते आज आठवत नाही. साडेचार रुपये आठवतात.

आपल्या मराठी घरांना तर या गोष्टींनी आणखी एक दिलं. गुजराती बाजारात, गुजराती शेजारात राहून आपली भाषा कुठे टिकली? पुस्तकात टिकली त्यापेक्षा जास्त हस्तलिखिताच्या पानांवर, नाटकाच्या तालमीत, गणेशोत्सवाच्या मंडपात टिकली. मराठी शाळांचे वर्ग कमी होत गेले. माझा नातू इंग्रजी माध्यमात जातो, मित्रांशी गुजराती बोलतो. पण मल्लखांबावरच्या उड्यांची आणि पकडींची नावं तो मराठीत सांगतो, कारण ती त्याला तशीच शिकवली गेली.

आता शेवटची गोष्ट, जी सांगायला मी टाळत होतो.

माझी मुलगी लहानपणी गाणं शिकत होती. गळा गोड होता, असं तिच्या बाई म्हणायच्या. मला त्यातलं काय कळणार, मी टाळ्या वाजवणारा. १९९२ साली ती दहावीत गेली तेव्हा मी तिला म्हटलं, "एक वर्ष गाणं बंद. दहावी झाली की पुन्हा सुरू." अगदी याच शब्दांत. पेटी कापडात गुंडाळून माळ्यावर गेली. दहावीत तिला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. मग बारावी आली, मग कॉलेज, मग लग्न. गाणं चालू असतं तर शहात्तर पडले असते की ऐंशी, हा हिशेब आता मांडता येत नाही. तेव्हा मात्र मी तो अगदी खात्रीने मांडला होता. जे मला स्वतःला शाळेने भरभरून दिलं, ते मी तिच्याकडून काढून घेतलं आणि त्याला शिस्त म्हटलं.

म्हणून गेल्या महिन्यात मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिला म्हटलं, "तेव्हा माझी चूक झाली. तुझं गाणं थांबवायला नको होतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थांबवलंत त्याचं नाही वाटत बाबा, सगळ्यांचे वडील थांबवत होते. दहावी झाल्यावर तुम्ही पुन्हा विचाराल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंच नाही."

माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

नातवाचं असं ठरलं आहे की पाचऐवजी तीन संध्याकाळी मल्लखांब, परीक्षेच्या आधीचा एक महिना सुट्टी, आणि पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाच. हे सगळं कागदावर लिहून फ्रीजवर लावलंय, खाली तिघांच्या सह्या. मुलगी हसून म्हणाली, "बँकवाल्यांच्या घरात असंच होणार." पेटी मी माळ्यावरून खाली काढली आहे. भाता फाटलाय, दोन सूर बोलत नाहीत. दुरुस्तीला दिली आहे. ती वाजवेल की नाही ते तिचं ती ठरवेल. मी फक्त एकदा विचारणार आहे.

आपल्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर असं काही गुंडाळून ठेवलेलं असेल, तर तुम्हीही विचारून पाहा. आणि बडोद्याच्या जुन्या मराठी शाळांमधलं हस्तलिखित, संमेलनाचा फोटो, भांडाराची कीर्द असं काही कुणाकडे जपून ठेवलेलं असेल तर जरूर कळवा. लाल शाईच्या दुरुस्त्या असल्या तर आणखी उत्तम.