भांडे, वासण आणि भांडार

वडोदरा शहराच्या पश्चिम भागात वासणा या जुन्या गावाचे नाव आज एका विस्तीर्ण वस्तीस लाभलेले आहे. त्या ग्रामनामाचा उगम शोधण्याचा येथे हेतू नाही. परंतु मराठी वा कोकणी घरातून तेथे राहावयास गेलेल्या गृहिणीच्या कानी त्या नावाशी ध्वनीने जुळणारा दुसरा एक शब्द पहिल्याच दिवशी पडतो. तो म्हणजे वासण. मराठीत जे भांडे, कोकणीत जे आयदन, तेच गुजरातीत वासण. घरातल्या कुरबुरीविषयी आपण ‘भांड्याला भांडे लागायचेच’ असे म्हणतो. गुजराती शेजारीणही तशाच प्रसंगी वासणे खडखडण्याचाच दाखला देते. शब्द निराळे, पण स्वयंपाकघरातील अनुभव एकच.

वासण या शब्दाचे नाते संस्कृतातील ‘वासन’ या शब्दाशी दिसते. वासन म्हणजे वस्तू ठेवण्याचे पात्र किंवा पेटी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवीचा विचार करताना हा शब्द येतो. आत काय आहे हे न सांगता, पात्रात बंद करून जे द्रव्य दुसऱ्याच्या हाती सोपविले जाते, ते ज्याने ठेवून घेतले त्याने जसेच्या तसे परत करावे, असा तेथील नियम आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत या वासनाचा अर्थ करंड्यासारखे पात्र असाच केला आहे. पात्र आणि विश्वास यांची सांगड आपल्या धर्मशास्त्राने अशी प्राचीन काळीच घातलेली आहे.

‘भांडे’ या शब्दाचा विस्तार तर याहूनही मोठा. संस्कृत ‘भाण्ड’ म्हणजे पात्र, तसाच व्यापाराचा मालही. त्यातूनच आपले भांडवल आले. भाण्ड ठेवण्याचे आगार ते भांडागार, म्हणजेच भांडार. त्याची व्यवस्था पाहणारा तो भांडारी. देवळातील अन्नदानास भंडारा म्हणतात, आणि खंडोबाची हळदही भंडाराच. संकट टळले की आपला जीवही भांड्यातच पडतो! साठविणे, सांभाळणे आणि वेळ आली की वाटून टाकणे, एवढा सारा व्यवहार या एका घरगुती शब्दाच्या कुळात सामावला आहे.

ज्ञानाच्या साठ्यासही आपण हाच शब्द दिला. पाटणच्या जैन ग्रंथभांडारांतील पोथ्या पाहण्यासाठी सयाजीराव महाराजांनी चिमणलाल डाह्याभाई दलाल यांची योजना केली. पुढे १९१६ साली राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून प्रकाशात आली, आणि १९२७ साली वडोदऱ्यास प्राच्यविद्यामंदिर स्थापन झाले. कित्येक पिढ्यांच्या भांडाऱ्यांनी त्या पोथ्या आपल्या मालकीच्या न मानता जतन केल्या, म्हणूनच त्या अभ्यासकांच्या हाती येऊ शकल्या.

धातूच्या वस्तू इतिहास कसा सांगतात, याचे उदाहरण तर वासण्याच्या शेजारीच आहे. अकोटा, म्हणजे प्राचीन अंकोट्टक. कर्कराज राष्ट्रकूटाच्या शके ७३४ च्या, म्हणजे इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात वडपद्रक, म्हणजे आजचे वडोदरा, हे अंकोट्टक विभागातील एक दान दिलेले गाव म्हणून येते. या अकोट्यास १९५१ साली जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्याचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. काही मूर्तींवर दात्यांची नावे कोरलेली होती. त्या लेखांच्या अक्षरवळणावरून मूर्तींचा काळ ठरविण्यास मोठे साहाय्य झाले. दोन ओळींचा लेख नसता तर ते दाते कायमचे अनामिक राहिले असते.

आता आपल्या घराकडे वळावे. लग्नात मुलीस दिलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची चाल आपल्याकडे होती. देवास अर्पण केलेल्या समया, घंटा, समाराधनेची मोठी पातेली यांवरही दात्याचे नाव, गाव, क्वचित शक कोरलेला आढळतो. गायकवाडांच्या राज्यात चाकरीसाठी वा पुढे शिक्षण आणि नोकरीसाठी जी कुटुंबे येथे आली, त्यांच्यापैकी अनेकांचे मूळ गाव सांगणारा लेख एखाद्या हंड्याच्या गळ्यावरच असावयाचा. पोलादाची भांडी आली, कल्हई मागे पडली, आणि जुनी भांडी वजनावर मोडीत जाऊ लागली. सराफ वा तांबट तोलून धातूची किंमत देतो. अक्षरांची किंमत कोण देणार?

सगळी भांडी सांभाळणे लहान घरांत शक्य नाही, हे खरेच. परंतु मोडीस देण्यापूर्वी प्रत्येक भांड्यावरील नाव, गाव व साल जसेच्या तसे एका वहीत उतरवून घेणे कठीण नाही. देवस्थानांनीही आपल्या भांडारातील वस्तूंची अशी यादी लेखांसह करावी. पूर्वजांनी आपल्या हाती दिलेले हे बंद वासनच होय. आत काय आहे हे त्यांनी सांगितले नसेल. पुढच्यांच्या हाती ते जसेच्या तसे देणे मात्र आपल्याकडे लागते.